पहिल्यांदाच 'स्वान लेक' बघायला जाताय? शेवट आधी वाचून जा

मी पहिला बॅले पाहिला तो दुबईत, भावाकडे महिनाभर राहायला गेले होते तेव्हा. रशियन मंडळी दौऱ्यावर आली होती, खेळ होता 'स्वान लेक'. भावाने कौतुकाने दुसऱ्या रांगेची तिकिटं काढली. आम्ही दोघं कोरी पाटी घेऊन गेलो. गोष्ट ठाऊक नाही, कोण कोण आहे ते ठाऊक नाही. पहिला अंक संपेपर्यंत मी राजपुत्राच्या मित्रालाच राजपुत्र समजत होते, आणि मध्यंतरात भाऊ म्हणाला, "छान आहे, पण चाललंय काय?"

पुढच्या वेळी आईला घेऊन गेले. जाण्याआधी तिला सगळी गोष्ट शेवटासकट सांगितली. तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळलं. आईचं बालपण संगीत नाटकांत गेलं. तिथे सुभद्रा शेवटी कोणाला मिळणार हे बघायला कोणी जात नसे. आज पद कसं रंगतंय ते ऐकायला जात. बॅलेचंही तसंच आहे. म्हणून या लेखात गोष्ट फोडून सांगणार आहे. रहस्य टिकवायचं असेल तर इथेच थांबा, पण मग माझ्या भावासारखं होईल.

तिकीट काढण्याआधी

पहिलं काम म्हणजे कोणती मंडळी येते आहे ते बघणं. मॉस्कोचं बोल्शोई, सेंट पीटर्सबर्गचं मारिन्स्की आणि मिखाइलोव्स्की ही कायमची नाट्यगृहं आहेत. त्यांचे स्वतःचे नर्तक, वादक आणि शिवणकामाचे विभाग असतात. पेर्म, नोवोसिबिर्स्क, येकातेरिनबुर्ग या शहरांतही जुनी, नावाजलेली बॅले-नाट्यगृहं आहेत. याशिवाय प्रामुख्याने दौऱ्यांसाठीच उभ्या राहिलेल्या खासगी मंडळ्या असतात, आपल्याकडच्या जुन्या फिरत्या नाटक मंडळ्यांसारख्या. त्यांत चांगल्याही असतात, बेतासबातही. नावातल्या भारदस्त विशेषणांवर जाऊ नका. रशियात 1917 नंतर झार नाही, त्यामुळे राजेशाही थाटाचं नाव हे बहुतेक वेळा फक्त नावच असतं. त्यावरून नाच चांगला की वाईट, काहीच ठरत नाही.

2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर युरोपातल्या बऱ्याच नाट्यगृहांनी रशियन सरकारी मंडळ्यांचे दौरे रद्द केले. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसने त्या वर्षीचा बोल्शोईचा उन्हाळी हंगाम रद्द केला. या वादात कोणाची बाजू घ्यायची आणि तिकीट काढायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. जाहिरातीत 'रशियन' लिहिलेलं असलं तरी मंडळी नेमकी कुठली, हे आधी बघून घ्या एवढंच माझं म्हणणं.

आयोजकांना तीन प्रश्न विचारा. वाद्यवृंद प्रत्यक्ष आहे की ध्वनिमुद्रित संगीत? नर्तक किती? खेळ पूर्ण चार अंकी आहे की आटोपशीर?

ध्वनिमुद्रित संगीताला नाक मुरडायची गरज नाही, दौऱ्यावर साठ-सत्तर वादक नेणं परवडत नाही. पण फरक पडतो. प्रत्यक्ष वाद्यवृंद असेल तर संचालकाचं लक्ष नर्तकीच्या पावलांकडे असतं. ती तोल सांभाळत क्षणभर जास्त थांबली तर तोही थांबतो, तबलजी गायकासाठी थांबतो तसा. ध्वनिमुद्रण कोणासाठी थांबत नाही, नर्तकीलाच त्याच्या मागे धावावं लागतं. नर्तकांच्या संख्येचाही असाच प्रश्न. मोठ्या मंडळीत तळ्याकाठच्या प्रवेशात चोवीस किंवा त्याहून जास्त हंसकन्या असतात, लहान मंडळीत सोळाच्या आसपास. सोळा हंसांतही रंगतो प्रवेश, पण रंगमंच मोठा असेल तर थवा विरळ दिसतो.

पूर्ण खेळ मध्यंतरं धरून अडीच ते तीन तासांचा असतो. दौऱ्यावर बऱ्याचदा दोन-दोन प्रवेशांचे दोन अंक करून एकाच मध्यंतरात बसवतात.

जागा कुठली घ्यावी

इथे माझं ऐका आणि पहिल्या चार रांगा सोडा. आम्ही महागड्या दुसऱ्या रांगेत बसलो होतो. रंगमंच उंच असल्यामुळे नर्तकींचे पाय घोट्याच्या खाली दिसेनात, आणि ज्या बुटांच्या टोकावर हा सगळा डोलारा उभा असतो ते टोकच झाकलेलं. वर पावलांचा धप्प-धप्प आवाज. हंस उतरतायत की पोती, असं वाटलं. (हा आवाज ऐकण्यातही मजा आहे, पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.)

पहिल्यांदा जाणाऱ्याने बाल्कनीची पहिली-दुसरी रांग घ्यावी, शक्यतो मधली. 'स्वान लेक'चा अर्धा जीव आकृत्यांत आहे. चोवीस मुली रांगा करतात, तिरक्या सरकतात, वर्तुळ करून नायिकेला पोटात घेतात. खालून तुम्हाला पहिली रांग दिसते, वरून रांगोळी दिसते. बाल्कनी स्वस्तही असते. चेहरे बघायला छोटी दुर्बीण न्या. रशियातल्या नाट्यगृहांत कोट ठेवायच्या खिडकीवर दुर्बीण भाड्याने मिळते, आणि जुन्या प्रेक्षकांना एक युक्ती ठाऊक असते: दुर्बीण घेतली की खेळ संपल्यावर कोट घ्यायला रांगेत थांबावं लागत नाही. माणसं सगळीकडे सारखीच.

अगदी कडेच्या जागा टाळा. पुढून डाव्या कडेला बसलात तर डावीकडच्या हंसांची अख्खी ओळ गायब होते.

आता गोष्ट

सिगफ्रीड हा राजपुत्र. वयात आला म्हणून बागेत जलसा चाललाय. राणी येते, त्याला धनुष्य भेट देते आणि बजावते की उद्याच्या समारंभात बायको निवड. त्याचं मन उदास होतं. आकाशातून हंसांचा थवा जातो, हा शिकारीला त्यांच्या मागे जातो.

तळ्याकाठी हंस बाहेर येतो आणि मुलगी होतो. ही ओडेट. रॉथबार्ट नावाच्या मांत्रिकाने तिला आणि तिच्या सख्यांना शाप दिलाय: दिवसा हंस, रात्री माणूस. आपल्या कथांत शापाला उःशाप असतो, तसा इथेही आहे. ज्याने आधी कोणावर प्रेम केलेलं नाही अशाने एकनिष्ठ राहण्याचं वचन दिलं आणि पाळलं, तर शाप सुटेल. सिगफ्रीड वचन देतो.

तिसऱ्या अंकात दरबार भरतो. रॉथबार्ट आपली मुलगी ओडिल हिला घेऊन येतो. ती हुबेहूब ओडेटसारखी, फक्त काळ्या पोशाखात. राजपुत्र फसतो आणि तिलाच लग्नाचं वचन देऊन बसतो. त्याच वेळी खिडकीत खरी ओडेट तडफडताना दिसते. चौथा अंक पुन्हा तळ्याकाठी: पश्चात्ताप, वादळ आणि शेवट.

शेवट मात्र कोणता बघायला मिळेल ते मंडळीवर आहे. 1895 च्या मूळ बांधणीत दोघं तळ्यात जीव देतात, मांत्रिकाची सत्ता मोडते आणि ते परलोकात एकत्र दिसतात. सोव्हिएत काळात शोकांत नकोसा झाला. मारिन्स्कीच्या 1950 च्या सर्गेयेव्ह यांच्या आवृत्तीत सिगफ्रीड रॉथबार्टशी झुंजतो, त्याचा पंख उपटतो, आणि दोघं सुखाने नांदू लागतात. बोल्शोईत ग्रिगोरोविच यांनी 1969 मध्ये आपली आवृत्ती केली आणि 2001 मध्ये ती बदलून शेवट पुन्हा दुःखाकडे वळवला. दौऱ्यावरच्या मंडळ्या बहुतेक वेळा पंख उपटायचाच शेवट करतात, लहान मुलं टाळ्या पिटतात. मला स्वतःला बुडण्याचा शेवट पटतो. संगीत इतकं काळोखात नेऊन सोडतं की त्यावर लग्नाचा फोटो शोभत नाही. तरी कुठला शेवट आहे ते पत्रकात आधीच वाचून ठेवा.

ओडेट आणि ओडिल एकच नर्तकी नाचते. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी पैसे वसूल आहेत. आईने दुसरी बाई समजून "ही जास्त चपळ आहे हो" असं म्हटलं होतं, आणि ती तीच आहे हे कळल्यावर तिने दुर्बीण माझ्या हातातून ओढून घेतली ती शेवटपर्यंत दिली नाही.

हे सगळं आलं कुठून

संगीत चायकोव्हस्कीचं, 1875-76 मध्ये लिहिलेलं. पहिला खेळ मॉस्कोच्या बोल्शोईत 4 मार्च 1877 रोजी झाला. तो आपटला असं सर्रास सांगतात. बांधणीवर टीका झाली हे खरं, पण खेळ त्यानंतरही काही वर्षं होत राहिले. आज जे दिसतं त्याची बैठक मात्र जानेवारी 1895 ची, सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्कीतली. तोवर चायकोव्हस्कीला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. दरबार आणि बागेचे अंक बसवले मारियुस पेतिपा यांनी, आणि तळ्याकाठचे दोन्ही अंक त्यांचे दुय्यम समजले गेलेले सहकारी लेव्ह इवानोव्ह यांनी. पेतिपा जन्माने फ्रेंच, मार्सेयचे. पहिली नायिका पिएरिना लेन्यानी इटालियन. संगीताची नव्याने जुळणी करणारे रिकार्दो द्रिगोही इटालियन. जगभर ज्याला 'रशियन बॅले' म्हणतात त्याच्या जन्माच्या खोलीत इतके परदेशी होते. पण तळ्याकाठच्या ज्या पांढऱ्या हंसांच्या अंकासाठी लोक जातात तो रशियन इवानोव्हचा, आणि नाव होतं पेतिपाचं.

'मरणारा हंस' म्हणून जो छोटा एकल नाच प्रसिद्ध आहे, तो 'स्वान लेक'मधला नाही. तो नृत्यरचनाकार फोकीनने नर्तकी आना पाव्हलोव्हासाठी बसवला, संगीत फ्रेंच संगीतकार सॅं-सान्सचं. त्याची वाट बघत बसू नका. पाव्हलोव्हाचा आपल्याशी मात्र खरा संबंध आहे. ती दौऱ्यांवर मुंबईला आली होती, आणि 1923 मध्ये लंडनला तिच्यासोबत 'राधा-कृष्ण' नाचलेला तरुण म्हणजे उदय शंकर.

आणखी एक. रशियन माणसाला हे संगीत ऐकून हंसच आठवतील असं नाही. ऑगस्ट 1991 मध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा प्रयत्न झाला, रस्त्यावर रणगाडे आले, तेव्हा सरकारी दूरचित्रवाणीवर बातम्यांऐवजी 'स्वान लेक' लावलेलं होतं. तेव्हापासून चार छोट्या हंसांचा नाच ही तिकडे राजकीय खूण झाली आहे: टीव्हीवर हंस दिसले म्हणजे वर काहीतरी झालं.

जाण्याच्या आदल्या दिवशी

फ्रेंच शब्दांची यादी पाठ करू नका, तीनच शब्द पुरेत. 'कोर द बॅले' म्हणजे समूह. 'पा द दू' म्हणजे दोघांचा नाच. 'फुएते' म्हणजे एका पायाच्या टोकावर उभं राहून दुसरा पाय चाबकासारखा फिरवत घेतलेल्या गिरक्या.

त्यापेक्षा वीस मिनिटं संगीत ऐका. हंसांची मुख्य धून ओबो या सुषिर वाद्यावर येते, आवाज थोडासा सनईच्या कुळातला, पण सडपातळ. ती ओळखीची झाली की खेळभर वाट दाखवते. दुसऱ्या अंकातल्या संथ पा द दूला आधी हार्प झंकारतो, मग एकटं व्हायोलिन ओडेटसाठी बोलू लागतं, आणि पुढे चेलो त्याला साथ देतो. ही जुगलबंदी घरी एकदा कानावरून गेली असेल तर नाट्यगृहात डोळे मोकळे राहतात.

हातांच्या खुणा

भरतनाट्यम किंवा कथक बघितलेल्या माणसाला इथे थोडा फायदा आहे, कारण बॅलेतही हस्तमुद्रा असतात. संख्येने कमी आणि अगदी सोप्या. अनामिकेकडे बोट दाखवलं की 'लग्न'. दोन बोटं जोडून हात उंच केला की 'शपथ'. डोक्यावर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले की 'नाचा'. मनगटं एकमेकांवर आडवी ठेवून मुठी खाली दाबल्या की 'मृत्यू'. पहिल्या अंकात राणी बोट दाखवते ती लग्नाची आज्ञा, तिसऱ्या अंकात राजपुत्र हात उंचावतो ते चुकीच्या मुलीला दिलेलं वचन. तो हात वर गेला की सभागृहात गलका व्हायला हवा, पण लोक शांत बसतात, कारण बहुतेकांना कळलेलंच नसतं.

सोव्हिएत काळात या मूकाभिनयाला बरीच कात्री लागली. इंग्लंडमधल्या काही प्रयोगांत ओडेट खुणांनी आपली कहाणी सांगते (हे तळं माझ्या आईच्या आसवांचं आहे, असं). रशियन मंडळींत ती कहाणी नाचातच विरघळवलेली असते. म्हणूनही गोष्ट आधी वाचून जा.

त्या संध्याकाळी

अर्धा तास आधी पोहोचा. आपल्या नाट्यगृहांसारखीच रशियातही तिसरी घंटा असते, आणि ती तितक्याच गांभीर्याने घेतात. दौऱ्याच्या खेळाला घंटेऐवजी सूचना ऐकू येईल, पण दार बंद होणार ते होणारच. उशीर झाला तर मधल्या टाळ्यांपर्यंत बाहेर थांबवतात. आईला घेऊन गेले तेव्हा गाडी लावायला जागा मिळेना आणि पहिली दहा मिनिटं आम्ही दाराबाहेरच्या छोट्या पडद्यावर पाहिली. आईचा टोमणा अजून चालू आहे.

कपडे नीटनेटके, बस. आखाती देशांतल्या काही ऑपेरागृहांत पोशाखाचे नियम कडक असतात, मस्कतला विशेष, तेव्हा तिकिटावरच्या सूचना वाचा. साडी नेसून गेलात तर कोणी ना कोणी कौतुक करतंच. खोकल्याच्या गोळ्या आधीच कागदातून सोडवून ठेवा.

फोन बंद. फ्लॅश तर नकोच, आणि हा निव्वळ शिष्टाचार नाही. गिरक्या घेताना नर्तकी समोरच्या अंधारात एक बिंदू धरून ठेवते, शरीर फिरतं, मान शेवटी झटक्यात फिरते आणि नजर पुन्हा त्याच बिंदूवर येते. कथकच्या चक्करांतही नजर अशीच बांधावी लागते. त्या बिंदूवर कोणाचा फ्लॅश उडाला तर ती पडू शकते.

पडदा वर गेल्यावर

पहिला अंक गप्पांचा आहे, रमतगमत बघा. लाल-पिवळ्या कपड्यांत उड्या मारणारा विदूषक मूळ खेळात नव्हता. तो बोल्शोईत गोर्स्की यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणला आणि रशियन आवृत्त्यांत ठाण मांडून बसला. दोन मुली आणि एक तरुण अशा तिघांचा नाच येईल, तो लक्षपूर्वक बघा. हे तिघे मुख्य कलाकार नसतात, आणि मंडळीचा खरा कस इथे कळतो. त्या तरुणाच्या उड्या आवाज न करता जमिनीवर आल्या तर समजा, चांगल्या हाती पडलात.

मागचे पडदेही बघा. फिरत्या मंडळींचा महाल आणि तळं बहुतेक कापडावर रंगवलेलं असतं, घडी घालून पेटाऱ्यात भरण्याजोगं. आईला एकदम जुन्या कंपन्यांचे रंगवलेले राजवाडे आठवले. हवेने महालाचा खांब हलला तेव्हा ती प्रेमाने हसली.

दुसरा अंक मात्र श्वास रोखून. निळा उजेड, थोडा धूर, आणि हंसकन्या एकामागून एक नागमोडी ओळीत येतात. सगळ्यांची नजर नायिकेवर असते, तुम्ही अधूनमधून कडेला उभ्या राहिलेल्यांकडे बघा. नायिका मध्ये नाचत असते तेव्हा या मुली एका पायावर भार टाकून, हात पुढे जुळवून, मान कलती ठेवून मिनिटांमागून मिनिटं पुतळ्यासारख्या उभ्या असतात. पोटऱ्यांत गोळे येतात. नाचण्यापेक्षा हे उभं राहणं जड जातं असं नर्तकीच सांगतात.

ओडेटच्या पायांकडे बघू नका, पाठीकडे बघा. रशियन शाळेची खूण पाठीत आहे. सेंट पीटर्सबर्गची बॅले शाळा 1738 मध्ये सुरू झाली, आज ती वागानोव्हा अकादमी म्हणून ओळखली जाते. आग्रिप्पिना वागानोव्हा यांनी तिथे बसवलेल्या पद्धतीत हात खांद्यातून हलत नाही, पाठीतून हलतो. पंख हे बाह्यांना चिकटवलेले नसतात, ते खांद्याच्या पात्यांमधून सुरू होतात. हे एकदा दिसलं की चांगली आणि बरी ओडेट यांतला फरक तुम्हाला कोणी शिकवावा लागणार नाही.

मग चार छोटे हंस. चौघी एकमेकींचे हात आडवे गुंफून धरतात, त्यामुळे एकीचा तोल गेला तर चौघींचा जातो. डोकी एकाच वेळी वळतात. हा नाच जेमतेम दीड-दोन मिनिटांचा आहे, सगळं जग ओळखतं, आणि टाळ्या सर्वांत जास्त यालाच पडतात. मला तो थोडा शाळेच्या कवायतीसारखा वाटतो. पण मी अल्पमतात आहे.

याच अंकात आई कानात म्हणाली, "हा राजपुत्र नाचत का नाही? नुसता उचलतोय आणि धरतोय." तिचं निरीक्षण बरोबर होतं, आणि त्याला इतिहास आहे. 1895 च्या खेळात सिगफ्रीड झालेले पावेल गेर्द्त पन्नाशीचे होते. त्यांना एवढं उचलणं झेपेना, म्हणून त्या पा द दूमध्ये राजपुत्राचा मित्र बेन्नो मदतीला उभा केला होता. प्रेमाचा प्रसंग, आणि तिसरा माणूस नायिकेला झेलायला! पुढे बेन्नोला हटवलं, राजपुत्राला नंतरच्या अंकांत उड्या मिळाल्या, पण तळ्याकाठी त्याचं काम आजही मुख्यतः नायिकेचा तोल सांभाळण्याचंच आहे. ते काम नीट झालं की दिसत नाही.

मध्यंतरात पत्रक पुन्हा वाचा, आणि बायकांनी स्वच्छतागृहाच्या रांगेत आधी उभं राहावं, मग कॉफी.

तिसरा अंक म्हणजे दरबारी तमाशा, चांगल्या अर्थाने. स्पॅनिश, नापोली, हंगेरीचा चार्दाश, पोलंडचा माझुर्का असे देशोदेशीचे नाच येतात. टाचांचे बूट, खंजिऱ्या, रंगीत झगे. यात गोष्ट पुढे सरकत नाही, मुलांना खूप आवडतं. मग काळा पा द दू. इथे दुर्बीण लावा. ओडिल अधूनमधून ओडेटचे पंखांचे हात चोरून वापरते, मध्येच रॉथबार्ट तिच्या कानात काहीतरी सांगतो. मारीच सोन्याचा हरिण झाला तसं हे मायावी रूप, फरक एवढाच की इथे ठगवलेला राजपुत्र मृगाच्या मागे जात नाही, त्याच्याशी लग्न ठरवतो.

शेवटी 32 फुएते. लेन्यानी यांनी ते या भूमिकेत आणले आणि तेव्हापासून ते जणू कायदा झालेत. मोजायचे असतील तर बोटांवर मोजा, ओठांनी नको. काही नर्तकी मध्ये दुहेरी गिरक्या घालतात, मग हिशेब चुकतो. संख्येपेक्षा जागा बघा: जिथे सुरू केलं तिथेच संपवलं का, की नर्तकी हळूहळू पुढे सरकत आली? कथकमधली चक्करं दोन्ही पायांच्या आधाराने होतात, इथे पाय एकच, आणि तोही टोकावर. त्या बुटाचं टोक लोखंडी किंवा लाकडी नसतं, कापड आणि कागदाचे थर सरसाने घट्ट केलेले असतात. मोठ्या भूमिकेत एका रात्रीत जोड मऊ पडून निकामी होतो. पाय घसरू नये म्हणून विंगेत राळेची पेटी ठेवलेली असते, सारंगीच्या गजाला लावतात तीच राळ. दुर्बिणीतून कधी बुटांवर पांढरट भुकटी दिसली तर ती ही.

एखाद्या ओडिलने फुएते घेतलेच नाहीत, त्याऐवजी रंगमंचाला गोल वळसा घालत गिरक्या घेतल्या, तर फसवणूक झाली असं समजू नका. माया प्लिसेत्स्काया ही बोल्शोईची थोर ओडेट-ओडिल असंच करायची.

चौथा अंक छोटा असतो. पांढऱ्या हंसांत काही काळे मिसळलेले दिसले तर ती चूक नव्हे, 1895 पासूनची ती रंगसंगती आहे.

टाळ्या कधी

पाश्चात्य संगीताच्या मैफलीत मध्येच टाळ्या वाजवल्या की लोक वळून बघतात. बॅलेत तसं नाही. प्रत्येक नाच संपला की टाळ्या चालतात, नर्तक पुढे येऊन वाकून अभिवादन करतात, कधी मेलेलं पात्रही उठून हसतं. फुएते चालू असताना टाळ्या सुरू झाल्या तरी कोणी रागावत नाही. फक्त दुसऱ्या अंकातल्या संथ नाचात, व्हायोलिन थांबेपर्यंत, हात मांडीवर ठेवा. 'वन्स मोअर' मात्र देऊ नका. ती बिचारी एवढं झाल्यावर पुन्हा कशी नाचणार?

मुलांना नेताना

सहा वर्षांखालच्यांना शक्यतो नको. गोष्ट आदल्या रात्री सांगा, रॉथबार्टचा आवाज काढून. दुपारचा खेळ, रांगेच्या टोकाची जागा. भाचीला मी काम दिलं होतं: हंस मोज. तिने अठरा मोजले आणि चौथ्या अंकात सतरा निघाले, तेव्हा ती घरी येईपर्यंत हरवलेल्या हंसाचीच चौकशी करत होती.

पडदा पडल्यावर

गाडी काढायच्या घाईत लगेच उठू नका. पडद्याबाहेरचं अभिवादन हा खेळाचाच भाग असतो, आधी समूह, मग छोटे हंस, मग रॉथबार्ट, शेवटी दोघं. नायिका तेव्हाही हंसाच्याच हातांनी वाकते. फुलं द्यायची असतील तर आधी आयोजकांना विचारा आणि मोजून न्या: रशियात सम संख्येची फुलं अंत्यसंस्काराला नेतात, आनंदाला विषमच. आपल्याकडच्या एकशे एकच्या पाकिटासारखं. आईने सात गुलाब नेले होते. पुढे पोहोचता आलं नाही, म्हणून तिने ते बाहेर उभ्या असलेल्या एका दमलेल्या मुलीला दिले, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांभोवती पांढरा रंग तसाच. हंसांपैकी कितवी होती कोण जाणे. तिने फुलं मोजली, आणि हसली.